राजवाड्याच्या परिसरातील हुन्नर आणि तालीम : इंदूरच्या सामूहिक कलाशिक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

इंदूर शहराच्या मध्यभागी उभा असलेला सात मजली राजवाडा ही होळकर संस्थानाची सर्वांत परिचित खूण होय. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार मजले लाकडी असे त्याचे बांधकाम आहे. मराठा, मुघल आणि फ्रेंच अशा तिन्ही शैलींचे मिश्रण त्यात झालेले दिसते. या वास्तूला तीन वेळा आगीची झळ लागली. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा, १९०८ मध्ये आणि त्यानंतर १९८४ च्या दंगलीत. शेवटच्या आगीत मागील भागाचे अपरिमित नुकसान झाले. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा भाग जुन्या पद्धतीने पुन्हा उभारण्यात आला.

राजवाड्यावर लिहिणारे बहुतेक लेखक वास्तू आणि राजे यांविषयी लिहितात. तथापि राजवाडा म्हणजे केवळ राजाचे निवासस्थान नव्हते. त्याच्या आश्रयाने विणकर, सुतार, ताबूत बांधणारे कारागीर, बीनकार, पखवाजिये, सारंगिये आणि चित्रकार या शहरात व परिसरात स्थिरावले. यांपैकी बहुसंख्य लोक कोणत्याही शाळेत शिकले नव्हते. ते एकत्र बसून, एकमेकांचे पाहून आणि उस्तादाच्या हाताखाली काम करून शिकले. आज ज्याला आपण 'सामूहिक कार्यशाळा' म्हणतो तिचे मूळ रूप येथे सापडते.

गेल्या काही वर्षांत पारंपरिक हस्तकला, संगीत आणि निसर्गाधारित कला यांच्या कार्यशाळा महाविद्यालयांतून मोठ्या संख्येने होऊ लागल्या आहेत. त्यांचे स्वरूप बहुधा पाच-सात दिवसांचे असते. शेवटी प्रमाणपत्र दिले जाते, छायाचित्र काढले जाते आणि कारागीर आपल्या गावी परत जातो. अशा कार्यशाळेने कलेचे रक्षण होते काय, हा प्रश्न अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी इंदूरचा इतिहास उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा संक्षेपाने आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कारखाना, कसब, तालीम : शब्दांची साक्ष

कोणत्याही समाजात ज्ञान कोठून आले हे त्याच्या भाषेवरून कळते. मराठा राज्यव्यवस्थेत 'अठरा कारखाने आणि बारा महाल' अशी विभागणी होती. जामदारखाना, फरासखाना, जवाहिरखाना, नगारखाना, तालीमखाना, पीलखाना, मुदपाकखाना ही त्यांतील काही नावे. 'कार' म्हणजे काम आणि 'खाना' म्हणजे घर, अशा दोन फारसी शब्दांपासून 'कारखाना' हा शब्द झाला. मुघल दरबारातही हीच व्यवस्था होती आणि अबुल फज्लच्या 'आईन-इ-अकबरी'त तिचे सविस्तर वर्णन आलेले आहे. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' तयार करून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविण्यात आले. पण कामाच्या ठिकाणी रुळलेले शब्द कोशाने बदलले नाहीत. कारखाना कारखानाच राहिला.

हस्तकलेच्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. हुन्नर, नक्षी, कशिदा, जर, रफू, किनार, गालिचा, शिकलगार हे सर्व शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते बाहेरून आले याची जाणीवही होत नाही. 'उस्ताद'चा मराठीत 'वस्ताद' झाला. 'तालीम' या अरबी शब्दाचा उर्दूत अर्थ शिक्षण असा आहे. मराठीत मात्र तो पैलवानाच्या आखाड्याला आणि नाटकाच्या सरावाला लावला जातो. अर्थ बदलला असे वरवर वाटते. परंतु मराठी माणसाने 'तालीम' या शब्दातून अंगाने केलेला, घाम गाळून केलेला आणि दुसऱ्याच्या देखरेखीखाली केलेला सराव असा अर्थ उचलला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुस्तकी शिक्षणाला त्याने हा शब्द लावला नाही.

या संदर्भात सर्वांत बोधप्रद शब्द 'कसब' हा आहे. अरबीत 'कस्ब' म्हणजे कमाई. मराठीत 'कसब' म्हणजे हातातील कौशल्य आणि 'कसबी' म्हणजे कुशल कारागीर. म्हणजेच कमाई आणि कौशल्य या दोन गोष्टी एकाच शब्दात नांदत होत्या. ज्या कौशल्याने पोट भरत नाही ते कसब नव्हे, अशी जुन्या समाजाची समजूत या शब्दातून व्यक्त होते. पुढील विवेचनात हा मुद्दा वारंवार येईल.

महेश्वरचे माग

इंदूरच्या राजवाड्याची कथा महेश्वरपासून सुरू करावी लागते. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात नर्मदेकाठच्या महेश्वराहून राज्यकारभार केला. दरबारात येणाऱ्या पाहुण्यांना देण्यासाठी उत्तम लुगडी आणि पागोटी हवी होती. त्यासाठी त्यांनी बुऱ्हाणपूर, सुरत इत्यादी ठिकाणांहून विणकर आणवून महेश्वरात वसविले, असे परंपरा सांगते. या विणकरांत मुसलमान मोमीन-अन्सारी कुटुंबांची संख्या मोठी होती. आजही महेश्वरच्या मागांवर बसणाऱ्यांत अन्सारी आडनाव ठळकपणे दिसते.

सुरुवातीला येथे मराठी स्त्रियांसाठी नऊवारी सुती लुगडी विणली जात. पुढे ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा अशी 'नीम रेशमी' साडी प्रसिद्ध झाली. 'नीम' म्हणजे फारसीत अर्धे. तिच्या नक्षीचा उगम कोणत्याही नमुन्याच्या पुस्तकात नाही. किल्ल्याच्या भिंतींवरील कोरीव काम, घाटाच्या विटा, चटईची वीण, चमेलीचे फूल, हिरा, नर्मदेच्या लाटा हे सर्व काठावर आले. काठांची नावेही ईंट, चटाई, चमेली, हीरा अशीच आहेत. 'बुगडी' काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे साडी उलटसुलट नेसता येते. निसर्गाचे आणि भोवतालच्या वास्तूचे निरीक्षण करून त्याला हातमागाच्या गणितात बसविणे ही विणकराची खरी विद्या होय. ताण्याचे धागे मोजल्याशिवाय फूल काठावर उमलत नाही.

१७९५ मध्ये अहिल्याबाईंचे निधन झाले आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली. दरबार दूर गेला आणि महेश्वरचे माग हळूहळू मंदावले. गिरणीचे कापड आल्यावर ही घसरण अधिक वेगाने झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा बंद पडण्याच्या मार्गावर होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी महेश्वरात 'रेवा सोसायटी' ही संस्था स्थापन केली. तिने स्थानिक स्त्रियांना माग चालविण्याचे शिक्षण दिले.

येथे एक मोठा बदल झाला. पूर्वी मागावर पुरुष बसत असे, आणि घरातील स्त्री धागे भरणे, ताणा लावणे अशी पूर्वतयारीची कामे करीत असे. तिच्या कामाला नाव नव्हते आणि स्वतंत्र मजुरीही नव्हती. संस्थेने तिला मागावर बसविले आणि तिच्या हाती मजुरी दिली. ही कार्यशाळा यशस्वी झाली, याचे कारण ती प्रमाणपत्रावर थांबली नाही. शिकणे, विणणे, विकणे आणि मजुरी मिळणे हे चारही टप्पे तिने एकाच छताखाली आणले. कसब या शब्दाचे दोन्ही अर्थ तिने पुन्हा जोडले असे म्हणता येईल.

ताजिया आणि झांकी : उत्सवातील कार्यशाळा

राजवाड्याच्या जवळच इमामबाडा आहे. होळकर संस्थानाच्या आश्रयाने तेथे जो ताजिया तयार होई तो 'सरकारी ताजिया' या नावाने ओळखला जातो. मराठी मुलखात ज्याला 'ताबूत' म्हणतात तोच हा. मराठा सरदारांनी मोहरमला राजाश्रय दिल्याची उदाहरणे ग्वाल्हेरपासून अनेक ठिकाणी आढळतात आणि इंदूर त्याला अपवाद नव्हते. विशेष म्हणजे संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले, सरकार बदलले, तरी लोकांनी त्या ताजियाचे 'सरकारी' हे विशेषण काढून टाकले नाही.

कलाशिक्षणाच्या दृष्टीने ताजिया ही एक परिपूर्ण कार्यशाळा आहे. बांबू चिरून कामट्या काढणे, त्यांचा सांगाडा बांधणे, कागद कातरून जाळी करणे, पन्नी आणि अभ्रक लावणे, कमान आणि घुमट यांचे प्रमाण साधणे ही कामे वेगवेगळ्या वयाच्या माणसांना वाटून दिलेली असतात. लहान मुलगा खळ कालवतो, थोरला कागद कातरतो, जाणता माणूस सांगाडा बांधतो. काही वर्षांनी लहान मुलगा थोरल्याच्या जागी येतो. येथे वर्ग नाही, परीक्षा नाही, पण अभ्यासक्रम आहे आणि तो वयानुसार पुढे सरकतो. शिवाय कामाला तारीख आहे. मोहरमची दहावी तारीख कोणासाठी थांबत नाही. ठरलेल्या दिवशी काम पुरे करणे ही कारागिराच्या शिक्षणातील सर्वांत कठीण पायरी असते आणि उत्सव ती आपोआप शिकवितो.

याच शहरात अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झांक्यांची परंपराही सामूहिक कामातून वाढली. १९२० च्या दशकात कापड गिरण्यांच्या कामगारांनी ती सुरू केली. हुकूमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल या गिरण्यांचे कामगार महिनोन्‌महिने आवारात देखावे तयार करीत. सुतार, रंगारी, वायरमन, फिटर अशी सर्व माणसे आपापले कसब घेऊन त्यात उतरत. १९९० च्या दशकात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकूमचंद मिल १९९१ च्या अखेरीस बंद झाली आणि हजारो कुटुंबांची रोजी गेली. तरीही झांक्या निघत राहिल्या. पोटाचा धंदा बुडाला तरी त्या धंद्यातून निर्माण झालेला एकत्र काम करण्याचा संस्कार टिकला. मात्र तरुण पिढीला गिरणीत मिळणारे कौशल्य आता मिळत नाही. त्यामुळे केवळ उत्साहावर ही परंपरा किती काळ चालेल, हा प्रश्न उरतोच.

ताजिया आणि झांकी या दोन्ही गोष्टी धार्मिक श्रद्धेतून निर्माण झाल्या. परंतु दोन्हींचे कौशल्य सारखेच आहे. कामट्या, कागद, रंग, उजेड आणि मिरवणुकीत न कोसळणारा सांगाडा. कारागिरीच्या पातळीवर एकाच शहरातील दोन परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदल्या, याची नोंद सामाजिक इतिहासात व्हायला हवी.

दरबारी संगीत आणि घरातील मैफल

होळकर दरबारातील संगीताचा इतिहास हा मराठी आणि मुसलमान कलावंतांच्या देवाणघेवाणीचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात पखवाजवादक नाना पानसे इंदूरला होते. त्यांच्या शिष्यपरंपरेतून पखवाजाचे स्वतंत्र घराणे निर्माण झाले. सखारामपंत आगळे हे त्यांच्या प्रमुख शिष्यांपैकी एक. त्याच काळात थोर बीनकार बंदे अली खाँ यांचाही इंदूर दरबाराशी संबंध होता.

किर्लोस्कर नाटक मंडळी इंदूरला आली असताना बंदे अली खाँ यांनी एका मराठी मुलाचे गाणे ऐकले आणि त्याला शागीर्द करून घेतले. हा मुलगा म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेले भास्करबुवा बखले (१८६९–१९२२). भास्करबुवा पुढे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकले. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाज ही संस्था स्थापन केली. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. मराठी नाट्यसंगीताच्या सुवर्णकाळाची एक मुळी अशा रीतीने इंदूरच्या एका मुसलमान बीनकारापर्यंत पोहोचते. उस्तादाची विद्या वाड्यातून बाहेर पडून सार्वजनिक वर्गात कशी आली, याचेही हे उत्तम उदाहरण आहे. बंदे अली खाँ यांनी आयुष्याची अखेर पुण्यातच घालविली.

विसाव्या शतकात ध्रुपदगायक नसिरुद्दीन खाँ डागर होळकर दरबारात होते. तबल्याचे उस्ताद जहांगीर खाँ यांनी इंदुरात दीर्घकाळ शिष्य तयार केले आणि १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. परंतु संगीतशिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचे आहे.

अमीर खाँ यांचे वडील शहामीर खाँ हे सारंगी आणि बीन वाजवीत. भेंडीबाजार घराण्याशी त्यांचा संबंध होता आणि होळकर दरबारात त्यांची नोकरी होती. त्यांच्या घरी गवयांचे येणेजाणे असे आणि नियमित मैफली होत. मुलगा ऐकत बसे. वडिलांनी त्याला आरंभी सारंगी शिकविली, आणि गळ्याचा कल पाहून पुढे गाण्याकडे वळविले. मामांकडून तो तबल्याची मूलतत्त्वे शिकला. अमीर खाँ यांच्या गायकीत भेंडीबाजारच्या अमान अली खाँची मेरुखंड पद्धती, देवासच्या रजब अली खाँची तान आणि किराण्याच्या वहीद खाँचा विलंबित विस्तार एकत्र आला असे जाणकार मानतात. तिन्ही ठिकाणी त्यांनी गंडा बांधून रीतसर तालीम घेतली असे नव्हे. ऐकणे हेच त्यांच्या शिक्षणाचे मोठे साधन होते.

मेरुखंड म्हणजे स्वरांच्या क्रमांची मोजदाद. तीन स्वरांचे ६ क्रम होतात, चार स्वरांचे २४ आणि सात स्वरांचे ५,०४०. हे कोणालाही कागदावर मांडता येते. त्यांपैकी कोणता क्रम रागाला शोभतो हे मात्र कागद सांगत नाही. ते मैफलीत बसून, वर्षानुवर्षे ऐकून कळते. महेश्वरच्या विणकराला ताण्याच्या धाग्यांबाबत जे करावे लागते तेच येथे गवयाला स्वरांबाबत करावे लागते. गणित आणि रुची यांचा मेळ दोघांनाही साधावा लागतो.

उर्दूच्या अध्यापकांना आणखी एक गोष्ट उद्बोधक वाटेल. तराण्यातील 'दिर', 'तन', 'यला' यांसारखे शब्द निरर्थक आहेत असे सामान्यतः समजले जाई. अमीर खाँ यांनी त्यांचा संबंध फारसी आणि सूफी परंपरेशी जोडला आणि तराण्यात फारसी रुबाया गुंफल्या. गवय्याच्या या विचाराला भाषेच्या अभ्यासाची जोड मिळाली तर महाविद्यालयांतील संगीत आणि फारसी-उर्दू विभागांना एकत्र काम करता येईल.

देवळालीकरांचा वर्ग आणि चिंचाळकर गुरुजी

चित्रकलेच्या क्षेत्रात दरबारी कारखान्याची जागा सार्वजनिक वर्गाने घेतली. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदुरात चित्रकलेचे शिक्षण सुरू केले. शहराबाहेर जाऊन डोळ्यांसमोरचे दृश्य रंगविणे हा इंदूरच्या चित्रकारांचा विशेष ठरला. मावळतीचा उजेड, मातीच्या भिंती, नदीचे घाट ही त्यांची पाठ्यपुस्तके होती.

या वर्गातून नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२), दे. ज. जोशी आणि विष्णू चिंचाळकर घडले. पंढरपूरला जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) हेही याच वर्गात काही काळ शिकले. सुलेमानी बोहरा कुटुंबातील हुसेन यांनी त्याआधी बडोद्याला मदरशात राहून कूफी लिपीचे सुलेखन गिरवले होते. त्यांच्या चित्रांतील जोरकस रेषेचा विचार करताना समीक्षक या सुलेखनाचा उल्लेख करतात. मदरशातील बोरू आणि देवळालीकरांच्या वर्गातील कुंचला एकाच हातात आले हा योगायोग असला तरी तो इंदूरसारख्या शहरातच सहज घडू शकला. बेंद्रे पुढे १९५० मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवू लागले आणि तेथे एक नवी पिढी तयार झाली.

निसर्गाधारित कलेच्या संदर्भात विष्णू चिंचाळकर (१९१७–२०००) यांचे कार्य विशेष मोलाचे आहे. इंदुरात ते 'गुरुजी' या नावानेच ओळखले जात. व्यक्तिचित्रणात नाव मिळविल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला आणि वाळलेली पाने, बिया, साली, मुळे, दगड, फेकून दिलेल्या वस्तू यांतून आकार शोधण्यास सुरुवात केली. पानावरील डागात त्यांना चेहरा दिसे, मुळीत पक्षी दिसे. वस्तूवर शक्य तितका कमी हात फिरवायचा आणि तिच्यात जे आधीच आहे ते दुसऱ्याला दाखवायचे, अशी त्यांची पद्धत होती. अक्षरांची आणि अंकांची चित्रे करून ते मुलांना लिपीची गोडी लावीत. 'एकलव्य' या संस्थेच्या बालशिक्षणाच्या कामाशीही त्यांचा संबंध होता.

चिंचाळकरांच्या पद्धतीचे शैक्षणिक महत्त्व असे की तिला साहित्याचा खर्च नाही. गरीब वस्तीतील शाळेतही ती राबविता येते. मात्र तिचे अनुकरण करताना एक चूक हमखास होते. पाने चिकटवून तयार केलेला मोर म्हणजे निसर्गकला, अशी समजूत करून घेतली जाते. गुरुजींचा भर बनविण्यापेक्षा पाहण्यावर होता. आधी अर्धा तास पान नुसते पाहायला लावल्याशिवाय त्यांची पद्धत वापरली असे म्हणता येणार नाही.

बाग : नदीवर उभी असलेली कला

इंदूरच्या पश्चिमेस धार जिल्ह्यातील बाग या गावाचे उदाहरण येथे जोडणे आवश्यक आहे. मूळच्या सिंध प्रांतातील मुसलमान खत्री कुटुंबे मनावरमार्गे १९६२ मध्ये बाग येथे येऊन स्थिरावली. तेथील नदीचे वाहते पाणी छपाईच्या कापडाला मानवते, हे त्या स्थलांतराचे मुख्य कारण होते. इस्माईल सुलेमान खत्री यांना १९८४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये बाग छपाईला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी प्राप्त झाली.

या कलेत निसर्ग केवळ नक्षीत नाही, तर प्रक्रियेतही आहे. कापड एरंडेल तेल, मीठ आणि बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मळले जाते. नंतर त्याला हिरड्याचे पाणी देतात. लाल रंगासाठी तुरटी आणि काळ्या रंगासाठी लोखंडाचा गंज चिंचोक्याच्या खळीत मिसळून ठशांनी छपाई करतात. छापलेले कापड काही दिवस वाळवून वाहत्या पाण्यात धुतले जाते आणि शेवटी तांब्याच्या भांड्यात धावड्याच्या फुलांसह उकळतात. तेव्हा खरा रंग दिसू लागतो. छापताना कारागिराला अंतिम रंग दिसत नाही. तो अनुभवावर विसंबून छापतो.

नदी आटली किंवा धावड्याची झाडे तुटली तर कितीही कार्यशाळा घेतल्या तरी ही कला टिकणार नाही. हस्तकलेचे रक्षण म्हणजे पाणी, झाड आणि माती यांचे रक्षण, ही गोष्ट बागइतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

आश्रय संपल्यानंतर

वरील सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. दरबाराचा आश्रय गेला तेव्हा ज्या कलेला दुसरा ग्राहक मिळाला ती टिकली, आणि जिला मिळाला नाही ती क्षीण झाली. अमीर खाँ १९३४ च्या सुमारास मुंबईला गेले आणि ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, पुढे 'बैजू बावरा' (१९५२) सारखे चित्रपट यांतून त्यांना नवा श्रोता मिळाला. महेश्वरच्या साडीला शहरातील ग्राहक मिळाला. ताजियाला श्रद्धाळू समाज होताच. बीन आणि पखवाज यांना मात्र असा व्यापक श्रोता मिळाला नाही आणि त्यांची परंपरा मोजक्या घरांपुरती उरली.

दुसरे सूत्र अधिक अस्वस्थ करणारे आहे. राजवाडा कोणी बांधविला, साडी कोणी विणवून घेतली, ताजियाला कोणी आश्रय दिला यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. विणणाऱ्यांची, कोरणाऱ्यांची, कामट्या बांधणाऱ्यांची नावे इतिहासात आलेली नाहीत. संगीतात कलावंताचे नाव टिकले, कारण गाणे गाणाऱ्यापासून वेगळे करता येत नाही. कापड आणि लाकूड मात्र बनविणाऱ्यापासून वेगळे होते आणि नाव मागे राहते. मुसलमान कारागीर समाजाच्या शैक्षणिक मागासलेपणाची चर्चा करताना हे विसरता कामा नये की हा समाज अशिक्षित नव्हता. त्याचे शिक्षण कोठे नोंदले गेले नाही, इतकेच.

अध्यापकांच्या दृष्टीने विचार

सरकारी पातळीवर अलीकडे काही प्रयत्न झाले आहेत. अल्पसंख्याक मंत्रालयाची 'उस्ताद' योजना मे २०१५ मध्ये वाराणसीत सुरू झाली आणि पुढे ती 'पीएम विकास' या योजनेत समाविष्ट करण्यात आली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, पुढील प्रशिक्षण १५ दिवसांचे आणि दररोज ५०० रुपये विद्यावेतन अशी त्यात तरतूद आहे. अठरा कारखान्यांची आठवण करून देणारा हा आकडा आहे. तथापि या यादीत विणकराचा समावेश नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये कलावंत आणि कारागीर यांना महाविद्यालयात निवासी मार्गदर्शक म्हणून नेमण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महाविद्यालयांच्या दृष्टीने ही तरतूद सर्वांत उपयुक्त आहे, कारण तीत कारागिराला पाहुणा न मानता अध्यापक मानले आहे.

इंदूरच्या इतिहासावरून कार्यशाळा योजणाऱ्या महाविद्यालयांसाठी पुढील गोष्टी सुचविता येतील.

१. कारागिराचे पूर्ण नाव, गाव, त्याचा उस्ताद आणि उस्तादाचा उस्ताद यांची लेखी नोंद ठेवावी. संगीतातील घराण्याची वंशावळ आपण सांगतो, तशी विणकराचीही सांगता आली पाहिजे.

२. कार्यशाळा एका आठवड्यात संपवू नये. महिन्यातून दोन दिवस याप्रमाणे ती वर्षभर चालावी. ताजिया बांधणारा मुलगा दरवर्षी एक पायरी चढतो, हे सूत्र येथे लागू करावे.

३. प्रत्येक कलेबरोबर तिच्या साहित्याचा अभ्यास व्हावा. धावड्याचे फूल कोणत्या ऋतूत येते, बांबू कधी तोडावा, नदीचे पाणी कोठे जाते, हे वनस्पतिशास्त्राच्या आणि भूगोलाच्या विभागांनी शिकवावे.

४. कलेशी निगडित शब्दांचे संकलन मराठी आणि उर्दू विभागांनी मिळून करावे. कारागिराच्या तोंडी जे शब्द आहेत त्यांपैकी पुष्कळसे कोणत्याही कोशात नाहीत. वृद्ध कारागिराबरोबर ते नाहीसे होतात.

५. तयार वस्तूला ग्राहक कोण, याचा विचार आधी करावा. वाणिज्य विभागाचा सहभाग त्यासाठी घ्यावा. मजुरी ठरविताना कारागिराचे मत विचारात घेतले जावे.

यांतील एकाही सूचनेला मोठा निधी लागत नाही. वेळापत्रकात जागा आणि विभागाविभागांत सहकार्य मात्र लागते.

समारोप

२०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक मे महिन्यात इंदूरच्या राजवाड्यात घेण्यात आली. जळालेली वास्तू पुन्हा उभी राहिली आणि तिच्यात लोक पुन्हा जमू लागले ही समाधानाची गोष्ट आहे. वास्तूची दुरुस्ती चुना, विटा आणि लाकूड यांनी होते. हुन्नराची दुरुस्ती मात्र माणसांनीच करावी लागते, आणि एकदा दोन पिढ्यांमधील दुवा तुटला की जुना आराखडा पाहून तो पुन्हा जोडता येत नाही.

महेश्वरचा अन्सारी विणकर, इमामबाड्यातील ताजिया बांधणारा, दरबारातील बीनकार, देवळालीकरांच्या वर्गात शिकणारा बोहरा मुलगा आणि पाने गोळा करणारे मराठी गुरुजी हे सर्व एकाच परिसराच्या इतिहासाचे भाग आहेत. त्यांनी एकमेकांकडून शिकताना धर्म किंवा भाषा विचारल्याचे दिसत नाही. हात चालतो की नाही, कान तयार आहे की नाही, हे पाहिले. आपल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आजही असा एखादा हात आणि असा एखादा कान आहे. त्या आजोबांना किंवा त्या आईला वर्गात खुर्ची देणे ही कार्यशाळेची पहिली पायरी ठरावी.